सांगितलेलं वजन

माझा मेहुणा फरशा विकतो. बाथरूमच्या, स्वयंपाकघराच्या, जिन्याच्या. यात वाईट काही नाही, लोकांना फरशा लागतात. पण सहा वर्षांपूर्वी त्याने छोटं विमान चालवायचा परवाना काढला, एका दातांच्या डॉक्टरबरोबर अर्ध्या भागीत चार जणांचं जुनं विमान घेतलं, आणि तेव्हापासून घरातले सगळे त्याला कॅप्टन म्हणायला लागले. पहिल्यांदा मीच म्हणालो होतो, चेष्टेने. त्याने ती चेष्टा अंगात घातली ती परत काढलीच नाही. पांढरा शर्ट आणि खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या. अशा पट्ट्या पगारी वैमानिकाला त्याची कंपनी देते. याने दुकानातून आणल्या. किती लावता येतात म्हणून शिंप्याला विचारलं, तर शिंपी म्हणाला, जागा आहे तितक्या.

माझी बायको त्याची थोरली बहीण. तिला विमानात बसायचं होतं. मोठ्या विमानात नाही, याच्याच. "भावाच्या विमानातून एकदा आपलं घर वरून बघायचंय," एवढंच तिचं म्हणणं. सहा वर्षं ती हे म्हणत होती आणि सहा वर्षं हा म्हणत होता, "ताई, पुढच्या रविवारी नक्की." रविवार यायचा. त्या रविवारी बँकेचा मॅनेजर बसायचा. मग बिल्डर बसायचा. मग बिल्डरचा साडू. बहीण काय, घरचीच आहे, ती कुठे जाते?

ती गेली. त्याला अकरा महिने झाले.

मागच्या महिन्यात कॅप्टनचा फोन आला. "दाजी, ताईची इच्छा पूर्ण करायची ठरवलंय."

मेलेल्या माणसाची इच्छा पूर्ण करणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना काम सोपं पडतं, माणूस तक्रार करत नाही.

बेत असा होता. ताईचा मोठा फोटो विमानात ठेवायचा, तासाभराच्या अंतरावर समुद्राकाठी एक धावपट्टी आहे तिथे उतरायचं, सगळ्यांनी मिळून जेवायचं, आणि संध्याकाळच्या आत परत. विमानात तो, त्याची बायको, माझी मुलगी आणि मुलीची सात वर्षांची पोर. जावई बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नसतो. मी या बेतात नव्हतो. जागा चारच. "तुम्हाला कशाला दगदग, दाजी," तो म्हणाला. जिवंत बहिणीला जागा नव्हती, तिच्या फ्रेमला होती.

मुलीने मात्र लगेच हो म्हटलं. "आईला जायचं होतं ना बाबा. मी जाते."

माझ्याबद्दल सांगायचं तर मी चौतीस वर्षं खडीच्या खाणीवर वजनकाटा सांभाळला. रिकामी गाडी तोलायची, भरलेली तोलायची, वजाबाकी लिहायची. घरात मला मापाडी म्हणतात. बाकीचे माझ्या मागे, कॅप्टन तोंडावर. त्या कामात माणूस एकच गोष्ट शिकतो. तोंडाने सांगितलेलं वजन कधीच खरं नसतं. ड्रायव्हर म्हणायचे, "साहेब, दहाच टन आहे." टायरचं पोट जमिनीवर असं टेकलेलं असायचं की तेरा टन मी खुर्चीवरून न उठता सांगत असे. कोणी रिकामी गाडी तोलताना क्लीनरला सीटखाली लपवायचा. कोणी पाण्याच्या टाक्या भरून आणायचा. पकडलं की सगळ्यांचं एकच वाक्य: "कंपनीवाले थोडी सवलत धरूनच मर्यादा लिहितात हो, गाडी ओढते."

त्या रविवारी सकाळी आम्ही सगळे कॅप्टनच्या घरी जमलो. त्याच्या दिवाणखान्यात पाच प्रकारच्या फरशा आहेत, उरलेल्या मालाच्या. चहा झाला. कॅप्टनने खिशातून सोनेरी पेन काढलं, समोर एक छापील कागद ठेवला आणि घसा साफ केला.

"उड्डाणाआधीचा वजनाचा तक्ता," तो म्हणाला. "हा भरल्याशिवाय मी विमानाला हातसुद्धा लावत नाही. शिस्त म्हणजे शिस्त. चला, आपापली वजनं सांगा. माझं, ऐंशी."

त्याचं लग्न झालं तेव्हा तो ऐंशी होता. मी वरातीत होतो. त्यानंतर सव्वीस वर्षं गेली आणि ती सगळी त्याच्या पोटावरून गेली.

"माझे बासष्ट लिहा," त्याची बायको म्हणाली. मामी म्हणू, माझी मुलगी तिला तेच म्हणते. मामी सोफ्यावरून उठते तेव्हा सोफा श्वास घेतो.

कॅप्टनने तिच्याकडे हसून पाहिलं. "बासष्ट कुठली? साठ लिहितो."

"चला, काहीतरीच तुमचं," मामी लाजली.

मी माझ्या उभ्या आयुष्यात खूप चोर पाहिले. पण बायकोला खूश करायला काट्याचे दोन किलो खाणारा हा पहिला. आणि तेही जिच्याबरोबर तो स्वतः वर जाणार होता तिचे.

"मी अठ्ठावन्न, मामा," माझी मुलगी म्हणाली.

"आणि आमची टिचकी?" टिचकी म्हणजे नात. एवढीशी आहे पण वाजते.

"मला नाही माहीत," टिचकी म्हणाली. त्या खोलीतलं पहिलं खरं वाक्य.

"वीस धरू. एकूण दोनशे अठरा. टाक्या भरलेल्या असताना माणसं आणि सामान मिळून अडीचशे चालतं. बत्तीस किलो शिल्लक!" त्याने टाळी वाजवली. "अगं, तो थंड पेयांचा डबा घे. आणि घडीच्या खुर्च्या पण घे."

"टाक्या अर्ध्याच भर की," मी म्हणालो.

"दाजी, मी काही पंपावर जाऊन अर्धा लिटर मागणारा माणूस नाही. काठोकाठ भरल्यात काल."

"आणि तिची फ्रेम?"

"फ्रेम? काच नि लाकूड. दोन किलो."

मी कप खाली ठेवला. चष्मा घरी विसरलो, परस्पर विमानाच्या मैदानावर येतो म्हणालो आणि निघालो. चष्मा माझ्या नाकावर होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या घरात कोणी कोणाकडे नीट बघत नाही.

निवृत्त झालो तेव्हा खाणीने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. मी त्याबरोबर भंगारात निघालेला एक काटा मागून घेतला होता, पोती तोलायचा, वर गोल तबकडी असलेला. तो घरी मागच्या बोळात असतो. त्याच्यावर माझ्या बायकोने कुंडी ठेवली होती. त्या काट्याला ती माझी सवत म्हणायची. "हिला पुसता, मला कधी पुसलंत?" मी कुंडी उतरवली, काटा गाडीत टाकला आणि मैदानावर गेलो.

मैदान म्हणजे गवताची एक लांब पट्टी. कडेने चुन्याने रंगवलेले दहा दगड, सारख्या अंतरावर. दहाव्या दगडानंतर कुंपण आणि कुंपणापलीकडे उंच झाडांची रांग. साडेदहा वाजले होते, ऊन तापलं होतं, वाऱ्याचं नाव नव्हतं. तापलेल्या हवेत विमानाला उचल कमी मिळते, गवतात वेग कमी येतो, हे मला कोणी सांगितलं? कॅप्टनने. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, माझी बायको आजारी असताना तिच्या खाटेशी बसून. आपल्याला किती कळतं हे सांगायला त्याला ते आठवतं. विमान उडवताना आठवत नाही.

मी काटा शेडसमोरच्या सिमेंटवर ठेवला, पातळी बघितली, काटा शून्यावर आणला.

"हे काय?" कॅप्टन विमानाच्या पंखाखालून बाहेर आला. डोळ्यांवर काळा चष्मा, पट्ट्या चमकतायत.

"शिस्त," मी म्हणालो.

टिचकी कोणी सांगायच्या आधीच उडी मारून चढली. बावीस. मग मी फ्रेम ठेवली. चांगल्या लाकडाची, जाड काचेची, अकरा. डबा आणि चार खुर्च्या, सत्तावीस.

"फ्रेमच्या दोन किलोला नऊ किलोचं पिल्लू झालंय," मी म्हणालो. "आता तू चढ."

"दाजी, हे विमान आहे. खडीचा डंपर नाही."

"डंपर बरा. जास्त भरला तर चढावर बंद पडतो. उतरून चालत घरी जाता येतं."

"अहो, विमानाच्या पुस्तकात सवलत धरूनच लिहिलेलं असतं! ओढतं ते!"

चौतीस वर्षं ऐकलेलं ते वाक्य मी परत ऐकलं. फरक इतकाच, की तेव्हा ते म्हणणाऱ्यांच्या खांद्यावर पट्ट्या नव्हत्या.

"मामी, तुम्ही या," मी म्हणालो.

"मी काय सिमेंटची गोणी आहे का, चारचौघांत तोलायला?"

"गोणी मुकाट्याने चढते."

"ऐकलंत? ऐकलंत ना तुमच्या दाजींचं?" मामी नवऱ्याकडे वळली. "बायको गेल्यापासून जिभेला हाड राहिलं नाही!"

"चढू नका. तुम्ही एक्याऐंशी, तो पंच्याण्णव. एखादा किलो इकडेतिकडे. त्यात टिचकी आणि सामान धरलं की दोनशे छत्तीस झाले. माझी पोर अठ्ठावन्न म्हणते. दोनशे चौऱ्याण्णव. अडीचशे चालतात म्हणालास. हे चव्वेचाळीस किलो त्या झाडांवरून तू कसे नेणार ते मला सांग, मग मी काटा उचलतो."

कॅप्टनने चष्मा काढला. त्याचे डोळे बारीक आहेत, चष्म्यात बरे दिसतात. मुलीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. शेडच्या दारात दातांचा डॉक्टर उभा राहून ऐकत होता. तेच त्याला लागलं. वजन नाही, डॉक्टर.

"नजरेने सांगता ना तुम्ही?" तो हळू म्हणाला. "टायर बघून टन सांगता. एवढी नजर आहे तुमची. मग माझी बहीण तुमच्या डोळ्यांसमोर सोळा किलो उतरली, ते नाही दिसलं?"

मामीनेसुद्धा पदरचं काही घातलं नाही.

नव्हतं दिसलं. ती आतून कपड्यांना सेफ्टी पिना लावायची. घरात स्वेटर घालून बसायची. मी दोनदा विचारलं होतं, बारीक झालीस का गं? "कुठे हो, साठच आहे. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय." मी हसलो होतो. स्वयंपाकघरापासून नऊ पावलांवर काटा होता. त्याच्यावरची कुंडी उचलायची आणि ये म्हणायचं, इतकंच काम होतं. दवाखान्यात नर्सने तिला तोललं तेव्हा चव्वेचाळीस भरली. मी तिला परत तोलायला लावलं. काटा खोटा आहे म्हणून भांडलो.

फरशीवाल्याला मी काय हसतो? मी त्याच्याहून हलका माणूस.

"नाही दिसलं," मी म्हणालो. "मी तिला विचारलं. ती साठ म्हणाली. मी साठ लिहून घेतले. तू सकाळी केलंस तेच. म्हणून आज विचारत नाहीये."

मग माझी मुलगी पुढे आली. तिने चपला काढल्या.

"बाबा, पुरे झालं. मी चढते, आकडा लिहा आणि मिटवा."

ती चढली. काटा फिरला आणि थांबला. मी वाकून बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं. तिला उतरवून फ्रेम ठेवली: अकरा. टिचकीला ठेवलं: बावीस. मुलीला परत चढवलं.

एकोणपन्नास.

"अठ्ठावन्न म्हणालीस ना?"

"असेल काहीतरी."

"लोक कमी सांगतात. जास्त कोण सांगतं?"

तिने ओढणी खांद्यावर ओढून घेतली, तेव्हा मला कमरेपाशी पिनेचं टोक चमकलेलं दिसलं. जास्त सांगणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं होतं, आणि ते त्या फ्रेममध्ये होतं.

तेवढ्यात कॅप्टनने टाळी वाजवली. खरंच वाजवली. "बघा! नऊ किलो तर इथेच वाचले! खुर्च्या आणि डबा इथेच ठेवून जाऊ, जवळजवळ बसतंय गणित!"

मी त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्याचा राग केला. त्या क्षणी राग गेला. राग करायला समोर माणूस लागतो. भाचीचं नऊ किलो मांस गेलं आणि याचं गणित बसलं.

"टिचकी," मी म्हणालो, "गाडीत बस."

"आणि विमान?"

"विमान तुझ्या मामाआजोबांचं. त्यांना वाटेल तसं उडवतील. तू नाही."

"अगं, तू तरी सांग त्यांना!" कॅप्टन माझ्या मुलीला म्हणाला. "ताईसाठी करतोय मी हे सगळं!"

मुलगी चपला घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मामा, आई असताना सहा वर्षं रविवार येत होते." आणि टिचकीचा हात धरून गाडीकडे गेली.

"मग फोटो तरी द्या. फोटो नेतो!"

फ्रेम मी उचलली. "ही पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

आता माघार घेतली तर दातांच्या डॉक्टरसमोर नाक कापलं जाणार. म्हणून ते दोघंच निघाले, खुर्च्या आणि डबा घेऊन. मामीला चढवायला कॅप्टनला खालून खांदा लावावा लागला, त्यात एक पट्टी उसवून लोंबायला लागली. इंजिन सुरू झालं. आम्ही गाडीपाशी उभे राहिलो. टिचकी पांढरे दगड मोजायला लागली. विमान गवतावरून उडत कमी आणि उड्या मारत जास्त चाललं होतं.

"चार... पाच... सहा..." टिचकी ओरडत होती. "सात! उठलं!"

दोनच माणसं होती. फ्रेम नव्हती, माझी पोर नव्हती, टिचकी नव्हती. झाडांवरून ते गेलं, पण शेंडे हलले. मुलीने माझ्याकडे पाहिलं. दगड टिचकीने मोजले होते, मोठ्याने.

परत येताना फ्रेम मागच्या सीटवर टिचकीच्या शेजारी होती. पट्टा लावून.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चार महिने झाले असतील. घास उतरत नाही. दमायला होतं."

"डॉक्टर?"

"आईचं वर्ष होऊ दे म्हटलं. तुम्हाला आणखी कशाला त्रास."

ही यांची माया. एकमेकांना त्रास नको म्हणून एकेक किलो चोरून टाकतात आणि शेवटी सगळं एकदम पुढे ठेवतात. मी तिला तसंच म्हणालो. ती रडली, मग म्हणाली, "मामी म्हणतात ते खोटं नाही, तुमच्या जिभेला हाड नाही." "तुझ्या अंगात तरी काय उरलंय, हाडच ना?" मी म्हणालो. रडता रडता ती हसली. टिचकीने मागून विचारलं, काय झालं?

दुपारी घरच्या ग्रुपवर कॅप्टनचा फोटो आला. काळा चष्मा, मागे समुद्र, पट्ट्या तीनच दिसत होत्या. खाली लिहिलेलं: प्रिय ताईला समर्पित. चाळीसएक नातेवाइकांनी हात जोडले. मला वाटलं होतं तसं काहीही झालं नाही, तो सुखरूप उतरला आणि जेवला. मूर्खांचं बहुतेक वेळा सगळं ठीक होतं. म्हणून तर ते टिकून आहेत.

सोमवारी सकाळी मुलीला घेऊन दवाखान्यात गेलो. बाहेरच्या खोलीत टेबलामागे एक नर्स बसली होती. तिने कागद ओढला, वर न बघता विचारलं, "वय?" मुलीने सांगितलं. "वजन?"

मुलीने तोंड उघडलं.

"विचारू नका," मी म्हणालो. "तोला."

"काका, काटा आतल्या खोलीत आहे आणि आत पेशंट आहे. तोंडी सांगा ना, अंदाजे चालतं."

"चालत नाही."

"अहो, सगळे सांगतातच की."

"सगळे सांगतात," मी म्हणालो आणि गाडीच्या किल्ल्या काढल्या. काटा अजून गाडीतच होता.

नर्सने पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं, मी इतकी वर्षं ड्रायव्हरांकडे बघत आलो तसं. मग ती उठली आणि आतल्या पेशंटला बाहेर बसायला सांगायला गेली. माझी मुलगी चपला काढत होती.